व्हेरी डहाणू

डहाणूचा माणूस सकाळचे दहा वाजायच्या आत चार भाषा बोलून मोकळा झालेला असतो. भाजीच्या टोपलीपाशी वारली वळणाचं काहीतरी, किराणा दुकानात गुजराती, रिक्षात हिंदी आणि घरी मराठी. मराठीतही मांगेल्यांची वेगळी, वाडवळांची वेगळी, आणि दोघांनाही बदलीवर आलेल्या मास्तरांची मराठी पेपरातली वाटते. घोलवड-बोर्डीकडचा इराणी बागायतदार मजुराशी वारलीत, व्यापाऱ्याशी गुजरातीत, तलाठ्याशी मराठीत आणि कुत्र्याशी इंग्रजीत बोलतो. (कुत्रा 'सिट' म्हटलं की बसतो. 'बस' म्हटलं तरी बसेल, पण मग शेजाऱ्यांवर छाप पडत नाही.) यातल्या एकाही भाषेसाठी कोणी क्लास लावलेला नाही. क्लास लावला तो इंग्रजीसाठी, आणि नेमकी तीच तेवढी येत नाही.

अगदीच येत नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. कपाटातल्या चांदीच्या भांड्यांसारखी ती आमच्याकडे असते. पाहुणे आले की काढायची, मिरवायची, पाहुणे गेले की मोजून परत ठेवायची. रोज त्यात आमटी वाढायची हिंमत होत नाही. हल्ली मात्र स्टेशनबाहेर ज्या पाट्या लागल्या आहेत त्यांचं म्हणणं असं, की नुसती इंग्रजी आता पुरत नाही. ती काय, थोडीफार सगळ्यांनाच येते. आता 'व्होकॅब्युलरी' हवी.

या पाट्यांमागच्या क्लासांत पहिला धडा असतो तो 'व्हेरी' या शब्दाविरुद्ध. व्हेरी हा म्हणे गरिबाघरचा शब्द. तो वापरला की समोरच्याला कळतं, हा माणूस मराठी माध्यमातला. म्हणून 'व्हेरी टायर्ड' म्हणायचं नाही, 'एक्झॉस्टेड' म्हणायचं. 'व्हेरी हंग्री' नाही, 'फॅमिश्ड'. 'व्हेरी हॉट' नाही, 'स्कॉर्चिंग'. मुलं वहीत दोन रकाने आखतात आणि डावीकडचे स्वस्त शब्द खोडून उजवीकडचे महाग शब्द पाठ करतात. मग विरारहून उभ्याने आलेला मुलगा घरात पाऊल टाकताच म्हणतो, "आई, आय ॲम एक्झॉस्टेड." आईच्या माहितीतला एक्झॉस्ट स्वयंपाकघराच्या भिंतीत बसवलेला असतो आणि गेल्या पावसाळ्यापासून बंद असतो. ती म्हणते, "तोच दुरुस्त करायला माणूस आण म्हणून सांगितलं होतं ना तुला?" दोघंही इंग्रजीच बोललेले असतात.

मला या बिचाऱ्या व्हेरीची बाजू घ्यावीशी वाटते. 'जाम भूक लागली' या वाक्यात जो 'जाम' आहे, तोच इंग्रजीत जाताना कपडे बदलून व्हेरी होतो. त्याला काढून त्या जागी 'फॅमिश्ड' बसवला की भूक वाढत नाही, फक्त ऐकणारा थांबतो. आणि भुकेलेल्या माणसापुढे ऐकणारा थांबून चालत नाही, त्याने ताट वाढायला घ्यायला हवं.

या साऱ्या खटाटोपाचे मूळपुरुष म्हणजे डॉ. पीटर मार्क रॉजे. पेशाने वैद्य. लहानपणापासून याद्या करायचा नाद. म्हातारपणी त्यांनी शब्दांचीच यादी केली आणि १८५२ साली, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, आपला 'थिसॉरस' छापला. इंग्रजांना त्याचं मोठं अप्रूप वाटलं. आपल्याकडे अमरकोश त्याच्याही कितीतरी शतकं आधीचा. पाण्याला, कमळाला, हत्तीला शब्दच शब्द. पोरं माना डोलावत पाठ करायची. पण पाण्याला इतके शब्द पाठ असूनही नळाला पाणी जास्त आलं असं कुठे नोंदलेलं नाही.

रॉजेंची गादी पुढे नॉर्मन लुइस या अमेरिकन गृहस्थांनी चालवली. त्यांचं 'वर्ड पॉवर मेड ईझी' १९४९ साली निघालं आणि आपल्याकडच्या फुटपाथांवर अजून नव्यासारखं विकलं जातं. एप्रिल २०१३ मध्ये लोकल डहाणू रोडपर्यंत आल्या, तेव्हापासून हे पुस्तक आमच्या गाडीतही दिसू लागलं. कोणाच्याही हातातली प्रत पाहा: सुरुवातीची पानं मळून कान पडलेली आणि पुढची कोरी करकरीत. गंमत अशी, की या पुस्तकाची सुरुवात माणसांच्या स्वभावांपासून होते. स्वार्थी, परोपकारी, आपल्यातच रमणारा, लग्न या संस्थेचाच तिटकारा असलेला, अशा नमुन्यांना इंग्रजीत काय म्हणतात ते आधी येतं. परिणामी आमच्या डब्यातल्या होतकरू तरुणाला स्त्रीद्वेष्ट्यासाठी नेमका शब्द ठाऊक असतो, पण चौथ्या सीटसाठी 'जरा सरकता का' एवढं त्याला इंग्रजीत म्हणता येत नाही. तो खांद्याने ढकलतो. समोरचा सरकतो. पालघर यायच्या आत दोघं मित्र झालेले असतात आणि तिसऱ्या एका स्त्रीद्वेष्ट्याबद्दल मराठीत बोलत असतात.

२०१७ साली शशी थरूर यांनी एका ट्वीटमध्ये 'फॅरागो' हा शब्द वापरला आणि सारा देश शब्दकोश उघडून बसला. आमच्याकडेही तो व्हॉट्सॲपवरून पोचला. एका लग्नाच्या पंगतीत मी एका काकांना मिश्र भाजीकडे बोट दाखवून 'फॅरागो' म्हणताना ऐकलं. कोशात पाहिलं, तर अर्थ घालमेल, खिचडी. काका बरोबर होते. वाढप्याला मात्र ते काही कळलं नाही आणि त्याने त्यांना जिलबी वाढली.

जड शब्दांचा खरा बाजार पाहायचा तर तहसील कचेरीच्या आसपास, झेरॉक्स आणि अर्ज टायपिंगच्या दुकानांत पाहावा. मराठी अर्जाचा दर वेगळा, इंग्रजी अर्जाचा वेगळा, आणि गिऱ्हाईक हळूच वाकून सांगतं, "जरा हेवी बनवा." गिऱ्हाइकाचं म्हणणं एवढंच असतं, की घरासमोरच्या खड्ड्यात पाणी साचतं. टायपिस्ट मान हलवतो आणि बोटं चालवतो. आदरणीय साहेब, वरील विषयास अनुसरून मी अत्यंत विनम्रपणे आपल्या कृपाळू निदर्शनास आणू इच्छितो, असं सगळं इंग्रजीत अवतरतं. 'डिप्लोरेबल कंडिशन ऑफ द थरोफेअर' येतं. शेवटी 'काइंडली डू द नीडफुल' येतं. त्या सबंध पानात एकच गोष्ट येत नाही, ती म्हणजे खड्डा. साहेब वाचतात, प्रभावित होतात आणि शेरा मारतात, 'नीडफुल डन.' कागदाला कागद भेटला. खड्डा आपल्या जागी.

पण शब्द नीट निवडला तर काय होतं, त्याचंही उदाहरण दूर शोधायला नको. सबंध भारतात नेमक्या एका इंग्रजी विशेषणावर जगणारा तालुका कोणता, असं कोणी विचारलं तर मी बिनदिक्कत डहाणूचं नाव घेईन. २० जून १९९१ रोजी केंद्र सरकारने अधिसूचना काढून डहाणू तालुका 'इकोलॉजिकली फ्रॅजाइल' ठरवला. त्या अधिसूचनेने उद्योगांचे हिरवे, नारिंगी आणि लाल असे तीन वर्ग पाडले, लालला दार बंद केलं, उद्योगांसाठी फार तर ५०० एकर जमीन राखली आणि तालुक्याभोवती २५ किलोमीटरचा पट्टा आखला. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने हा शब्द मनावर घेतला आणि त्याची राखण करायला न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण बसलं. अधिसूचनेत 'व्हेरी सेन्सिटिव्ह' असं काही लिहिलं असतं, तर कोणत्याही हुशार वकिलाने विचारलं असतं, किती व्हेरी? फ्रॅजाइलला तसं विचारता येत नाही. वस्तू एक तर फुटेल, नाही तर नाही.

अर्थात हा शब्द आम्हाला आधीपासून माहीत होता. काचसामानाच्या खोक्यांवर, टीव्हीच्या पुठ्ठ्यावर, पेल्याचं चित्र काढून तो छापलेला असतो, आणि ते खोकं स्टेशनवर कसं उतरवतात तेही आम्ही पाहिलेलं आहे. त्यामुळे नाजूक ठरलेल्या तालुक्यात ५०० मेगावॉटचं औष्णिक वीज केंद्र उभं राहिलं तेव्हा फारसं आश्चर्य वाटलं नाही. त्याची मंजुरी अधिसूचनेच्या आधीची होती. खोकं आधीच ट्रकमधून फेकलं गेलं होतं, चिकटपट्टी नंतर लावली.

मात्र या एका शब्दाने आमच्या इंग्रजीचं जे भलं केलं, ते कुठल्याही क्लासला जमणार नाही. फ्लाय ॲश, बफर झोन, एनओसी, एफजीडी, ईआयए. वाढवण बंदराचं प्रकरण नव्वदच्या दशकापासून कधी बुडी मारतं, कधी वर येतं, आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी तर त्याचं भूमिपूजनही झालं. एवढ्या वर्षांत किनाऱ्यावरच्या बायकांनी बोंबील वाळत घालता घालता 'एन्व्हायर्नमेंट क्लिअरन्स' हा जोडशब्द असा घोटून घेतला आहे, की भले भले इंजिनिअर अडखळतील. कोणी रकाने आखून दिले नव्हते. गरज पडली, शब्द उचलला, वापरला.

शेजारच्या तलासरी तालुक्याची गोष्ट आणखी वेगळी. १९६० साली राज्यं वेगळी झाली तेव्हा उंबरगाव तालुक्याची फाळणी झाली. बराचसा भाग गुजरातेत गेला, उरलेली गावं तलासरीत आली. रोज सकाळी अलीकडची माणसं टेम्पोत, इकोत, मिळेल त्यात बसून पलीकडे उंबरगाव, सरीगाम, वापीच्या कारखान्यांत जातात. या लोकांनी इंग्रजीच्या क्लासची पायरी कधी चढलेली नसते, पण त्यांची इंग्रजी डहाणू रोडच्या क्लासपेक्षा कितीतरी काटेकोर. हेल्पर म्हणजे हेल्पर, ऑपरेटर म्हणजे ऑपरेटर, आणि दोघांच्या मधे रोजाचा किती फरक ते पैशापर्यंत सांगतील. गेटपास, शिफ्ट, पंचिंग. समानार्थी शब्दाची इथे चैन नाही. 'ब्रेक' हा शब्द घ्या. साहेबाच्या इंग्रजीत ब्रेक म्हणजे चहा, बिस्किट, पाय मोकळे करणं. कंत्राटी कामगाराच्या इंग्रजीत ब्रेक म्हणजे कायम होण्याचा हक्क लागू नये म्हणून काही दिवस घरी बसवणं. 'त्याला ब्रेक दिला' हे वाक्य तलासरीच्या नाक्यावर ऐकून कोणी चहा मागवत नाही.

आणि ओटी. आमच्याकडे ओटी म्हटलं की विवळवेढ्याची महालक्ष्मी, चैत्रातली जत्रा, खण-नारळ. कारखान्यात ओटी म्हणजे ओव्हरटाइम. एका सासूबाईंनी कौतुकाने सांगितलं, "सूनबाई रोज ओटी भरते, त्यातच फ्रिज घेतला." ऐकणारी पाहुणी वसईची. देवी इतकी पावते, हे तिला नवीन होतं.

नेमकं बोलण्याची ही तलासरीची सवय जुनी आहे. १९४५ साली झरीला, म्हणजे आताच्या तलासरी तालुक्यात, वारल्यांची मोठी सभा भरली. किसान सभेचे शामराव आणि गोदावरी परुळेकर बरोबर होते. वेठबिगार बंद, हे तिथे ठरलं. पुढे त्याच वर्षी गवतकापणीचा संप झाला, त्याची मागणी काय होती? ५०० पौंड गवत कापायला अडीच रुपये. संपलं वाक्य. त्यात एकही विशेषण नाही, काइंडली नाही, नीडफुल नाही. इंग्रजी शब्द एकच, पौंड, आणि तोही वजनाला. मालकांना मागणी पहिल्या झटक्यात समजली. समजली म्हणूनच इतकी झोंबली. पुढच्याच वर्षी, १९४६ मध्ये, बिहारातल्या मोतिहारीत जन्मलेल्या जॉर्ज ऑर्वेल या गृहस्थांनी लंडनमध्ये एक निबंध छापून इंग्रजांना समजावलं, की छोट्या शब्दाने काम होत असेल तर मोठा वापरू नका आणि वाक्यातला काढता येईल तो शब्द काढून टाका. तो निबंध आता जगभर शिकवतात. झरीचा धडा मात्र कुठल्या क्लासच्या वहीत मला अजून दिसलेला नाही.

मुळात आमची शब्दनिवड पहिल्या अक्षरालाच चुकते असं माझं मत आहे. २००० सालापासून राज्यातल्या मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आली. आली ती 'ए फॉर ॲपल' म्हणत. आता डहाणू तालुक्यात सफरचंद येतं ते महामार्गाने, ट्रकमधून, कागदात गुंडाळून, आणि घरात येतं ते कोणी आजारी पडल्यावर. पोराच्या खिडकीबाहेर चिकूची वाडी. जमिनीवर चिकू, झाडावर चिकू, आजीच्या टोपलीत चिकू. पण 'सी'ला कॅट. बरं, चिकूला इंग्रजीत प्रतिष्ठा नाही म्हणावं तर तसंही नाही. कृषी खात्याच्या कागदांवर त्याला सपोटा म्हणतात हे खरं, पण २०१६ मध्ये आमच्या फळाला भौगोलिक मानांकन मिळालं ते 'डहाणू घोलवड चिकू' या नावाने. सरकारनेच मान्य केलं, की सपोटा कोणी खात नाही.

याच तालुक्यात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून आधी बोर्डीला आणि मग कोसबाडच्या टेकडीवर मुलांना बिया, शंख-शिंपले, पानं हातात देऊन शिकवायला सुरुवात केली. पोरं शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच त्यांच्या अंगणात नेली. त्या अंगणातून जो शब्द निघाला, तो १९७५च्या बालविकास योजनेत थेट दिल्लीच्या इंग्रजीत जाऊन बसला. आज अंगणवाडीला इंग्रजीतही अंगणवाडीच म्हणतात. २०२० साली ऑक्सफर्डवाल्यांनी विद्यार्थ्यांच्या कोशात चाळ आणि डबा हेही शब्द घेतले. असंच चालू राहिलं तर आमच्या क्लासच्या मुलांना डाव्या रकान्यातलं पुन्हा शिकायला लागेल.

चित्रांच्या बाबतीत तर इंग्रजीने आमच्याकडे हात टेकलेत. वारली चित्रांच्या प्रदर्शनातली पत्रकं वाचावीत: 'प्रायमॉर्डिअल', 'मिनिमलिस्ट', 'कॉस्मिक', शब्द असे रचलेले असतात की मधे चित्र दिसू नये. गंजाडचे जिव्या सोमा मशे, २०११चे पद्मश्री, लहानपणी आई गेल्यावर कित्येक वर्षं बोललेच नव्हते. मातीवर रेघा ओढून सांगायचं ते सांगत. २००३ साली ड्युसेलडॉर्फच्या संग्रहालयात रिचर्ड लाँग या इंग्रज कलावंताबरोबर त्यांचं प्रदर्शन भरलं. त्याला नाव दिलं होतं संवाद. मशेंना इंग्रजी किती येत होतं, याची चौकशी तिथे कोणी केली असेल असं वाटत नाही. इकडे जत्रेतल्या स्टॉलवर त्यांच्या पुढच्या पिढ्यांतली पोरं परदेशी पाहुण्यांना चित्र समजावतात ते असं: "दिस तारपा. दिस डान्स. दिस देवी, नो टच, फ्रेम एक्स्ट्रा." पाहुणा समजतो, डोलतो, पैसे काढतो. 'कॉस्मिक' म्हटलं असतं तर त्याने घासाघीस केली असती.

आता चिंचणी-वाणगावच्या बाजूला जो धंदा घरोघर चालतो त्याबद्दल थोडं सांगायला हवं. पोलादाच्या ठोकळ्यावर दागिन्यांची नक्षी उलटी कोरायची, त्यावर सोन्याचा पत्रा दाबला की नक्षी उमटते. त्या ठोकळ्याला म्हणतात डाय, आणि काम करणारा डायमेकर. झवेरी बाजारातले कित्येक दागिने आधी आमच्या तालुक्यात उलटे जन्मतात. पिढ्यान् पिढ्या हेच काम असल्याने बोलीत शब्द आखूड झाला. 'तुम्ही काय करता?' 'डाय करतो.'

तर या भागातल्या एका मुलाने स्पोकन इंग्लिशचा क्लास लावला. सर बाहेरगावचे, नवीन. मला हा प्रसंग त्याच बाकावरच्या मुलाने सांगितला, त्यामुळे तिखटमीठ त्याचं. पहिल्या दिवशी स्वतःची ओळख करून द्यायची होती. मुलगा उभा राहिला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "सर, माय ग्रँडफादर डाय. माय फादर डाय. माय टू अंकल्स ऑल्सो डाय. आय डाय ओन्ली आफ्टरनून, बिकॉज मॉर्निंग कॉलेज."

सरांनी खडू खाली ठेवला. त्याला बसायला सांगितलं, पाणी दिलं, घरी आता कोण कोण असतं विचारलं. "सगळे असतात सर, आज रविवार ना," मुलगा म्हणाला. उलगडा व्हायला बराच वेळ गेला. मग सरांना हुरूप आला. हीच तर शब्दनिवडीची जागा! ते फळ्याकडे वळले, डाय खोडला आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं: एनग्रेव्हर. "असं म्हणायचं. आय ॲम ॲन एनग्रेव्हर. वजन येतं."

मागच्या बाकावरून हात वर झाला. "सर, म्हणजे आधी डाय आणि मग ग्रेव्ह, असंच ना?"

त्या दिवशी क्लास अर्धा तास आधी सुटला.